सहाव्या मागणीचं पुस्तक

प्रिय गोगलगाय,

पत्र बघून घाबरू नकोस. गोळी घेतो, वेळेवर जेवतो, गॅस बंद करून मगच झोपतो. दर रविवारी फोनवर तू हे तीन प्रश्न विचारतेस, मी तीनदा 'हो' म्हणतो, आणि मग तू म्हणतेस, बरं, ठेवते बाबा. फोनवर मला याहून जास्त जमत नाही हे आता आपल्या दोघांनाही कळून चुकलंय, म्हणून लिहायला बसलो. आयुष्यात मी मोठा मजकूर लिहिला तो फक्त लिफ्टच्या दुरुस्तीच्या वहीत. बिघाड काय होता, कुठला भाग बदलला आणि खाली सही. त्यामुळे हे पत्र तसंच कोरडं वाटलं तर चालवून घे.

बातमी अशी की मी पुस्तकं वाचायला लागलो आहे. हो, मीच. ज्या माणसाला तुझी आई 'जाहिरातींचा वाचक' म्हणायची, त्याने गेल्या दहा महिन्यांत पाच पुस्तकं संपवली, म्हणजे चार संपवली आणि एकाने त्याला संपवलं, आणि सहावं आत्ता समोर टेबलावर पडलं आहे. कथा, कादंबऱ्या, कविता, काही सोडलं नाही. आणि गंमत म्हणजे त्यांच्याबद्दल माझी मतंसुद्धा आहेत. ती कुणाला तरी ऐकवावीत असं वाटतं. घरात ऐकणारं कुणी नाही, आणि शेजारच्या काकांना एकदा सांगायला गेलो तर त्यांनी मला त्यांच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं.

तू विचारलेला खरा प्रश्न मी विसरलेलो नाही. आई गेली त्याच्या चौथ्या दिवशी तू तिचं कपाट आवरत होतीस. खालच्या कप्प्यात, स्वेटरच्या मागे, तुला तुझंच पार्सल सापडलं. अडीच वर्षांपूर्वी तुझा कवितासंग्रह आला तेव्हा पहिली प्रत तू तिला पाठवली होतीस. खाकी कागद, वर तुझं अक्षर, चिकटपट्टी जशीच्या तशी. ते हातात घेऊन तू दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस, बाबा, तिने उघडलंसुद्धा नाही? मी म्हणालो, मला माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. पार्सल तू पिशवीत टाकून घेऊन गेलीस. मागच्या महिन्यात जावईबापूंशी बोललो. तुझा दुसरा संग्रह छपाईला निघाला होता, तो तू प्रकाशकाकडून परत मागवलास, आता काही लिहीतही नाहीस, असं ते म्हणाले. त्यांच्यावर रागावू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. तेव्हापासून तुझा तो प्रश्न माझ्या मानगुटीवर बसलाय. त्याच्याकडेच येतोय. बूट घालायला तुला अर्धा तास लागायचा म्हणून मी तुला गोगलगाय म्हणायचो. आज मला वेळ लागेल, जरा थांब.

आजारी पडायच्या आठवड्यात आई लायब्ररीत गेली होती आणि सहा पुस्तकांच्या मागण्या भरून आली होती. एका सभासदाला एका वेळी सहाच भरता येतात, नाहीतर तिने साठ भरल्या असत्या. मागणीच्या चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहितात, पण ती नुसता नंबर लिहायची. नाव लिहिलं की मागे रांगेत उभा असलेला माणूस मत द्यायला लागतो, असं तिचं म्हणणं. पुस्तक आलं की लायब्ररीतून फोन येतो, तीन दिवसांत नेलं नाही तर ते पुढच्या माणसाला जातं. ती गेल्यावर सहाव्या आठवड्यात तिचा फोन वाजला. तो मी अजून चार्ज करून ठेवतो, का ते विचारू नकोस. पलीकडे लायब्ररीतल्या शिक्केवाल्या बाई होत्या. म्हणाल्या, लॅबवाल्या बाईंना (आईला तिथे याच नावाने ओळखतात) सांगा, त्यांनी मागितलेलं पुस्तक आलंय. मी म्हणालो, सांगतो.

आता 'सांगतो' म्हटल्यावर पुढे काय करणार? दुसऱ्या दिवशी गेलो. बाईंनी विचारलं, त्या नाही आल्या? मी म्हणालो, तिला जरा बरं नाही, बाहेर पडत नाही. खोटं बोलायचं ठरवून गेलो नव्हतो. तोंडातून निघून गेलं. त्यांनी तारखेचा शिक्का मारला, काळजी घ्या म्हणाल्या, आणि मी पुस्तक काखेत मारून घरी आलो. न वाचता परत द्यावं तर आईने बाईंना काय सांगितलं असतं, हा प्रश्न. म्हणून वाचलं.

पहिली होती चारशे पानांची कादंबरी. तीत एक माणूस खिडकीशी बसतो आणि आठवतो. साठ पानं आठवतो. मधे एकदा उठून दिवा लावत नाही, पाणी पीत नाही, बाथरूमला जात नाही. मला त्याच्या मूत्रपिंडाची काळजी वाटायला लागली. दोनशेव्या पानावर कळतं की त्याची बायको लिफ्टमध्ये गेली. दोरखंड तुटतो आणि लिफ्ट सातव्या मजल्यावरून खाली कोसळते. अगं, लिफ्ट अशी पडत नाही! एक दोर तुटला तरी बाकीचे असतात, आणि सगळे तुटले तरी खाली पकड असते, ती रुळांना गच्च धरते. चौतीस वर्षं हेच काम केलं मी. मी कागद घेतला, आकृती काढली, बाण दाखवले. आकृती पूर्ण झाल्यावर लक्षात आलं की पुस्तकात एका माणसाची बायको मेली आहे आणि त्यापुढची पाच पानं तो रडतोय, आणि मी पकडीचे बाण काढत बसलोय. ती पाच पानं पुन्हा वाचली. काही झालं नाही. तक्रार म्हणून सांगत नाही, माहिती म्हणून सांगतोय.

तुला आईची सवय ठाऊक आहे. पुस्तकाच्या शेवटी तारखांचा कागद चिकटवलेला असतो ना, तिथे ती आपल्या तारखेशेजारी बारीक पेन्सिलीने एका ओळीत मत लिहायची. लायब्ररीच्या नियमांत ते बसत नाही, पण बाईंनी कानाडोळा केला, आणि मग काही सभासद पुस्तक निवडताना आधी मागचं पान उघडायला लागले. मी आता त्या ओळी शोधतो. एका जाडजूड कादंबरीवर तिने लिहिलंय, 'पान नव्वदपर्यंत उत्तम. पुढे लेखक स्वतःच्या प्रेमात पडला.' एकीवर, 'शेवट आधी सुचला, बाकीचं भरलं.' आणि एका कौटुंबिक कादंबरीवर नुसतं, 'लेखकाला सासू नसावी.' विशेषणं नाहीत. लॅबच्या रिपोर्टात विशेषणं नसतात म्हणायची. रक्त सुंदर आहे असं कुणी लिहितं का?

तर त्या पहिल्या पुस्तकावर मी तिच्या अक्षरासारखं अक्षर काढून लिहिलं, 'लिफ्ट अशी पडत नाही.' परत करताना बाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, तुमच्या मिसेसना लिफ्टमधलं बरंच कळतं. मी म्हणालो, माझ्याकडून ऐकलेलं. असा मी पहिल्याच फटक्यात जवळजवळ सापडलो.

दुसरा कवितासंग्रह होता. एका पानावर चार ओळी आणि बाकी सगळा कागद मोकळा. वीस मिनिटांत संपला, मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं, म्हणून पुन्हा पहिल्यापासून वाचला. 'अंधार' हा शब्द एक्केचाळीस वेळा आला आहे, मी मोजला. सगळ्या कविता कुणातरी 'तू'ला उद्देशून आहेत आणि तो 'तू' कोण ते कवी शेवटपर्यंत ताकास तूर लागू देत नाही. पण एक कविता होती. एक माणूस दुकानात जाऊन सवयीने दोन टूथब्रश घेतो आणि घरी आल्यावर दुसऱ्याचं काय करायचं ते त्याला कळत नाही. एवढीच. तिच्यात एकदाही अंधार नाही. ते पान मी कोपऱ्यात दुमडलं, मग आईने पाहिलं असतं तर काय म्हणाली असती ते आठवून परत सरळ केलं. दुमड राहिलीच. हा मनुष्य चांगला कवी आहे असं माझं मत झालं, पण त्याला कुणीतरी लवकर थांबवायला हवं होतं.

तिसरी रहस्यकथा. खून कुणी केला ते विसाव्या पानावर कळलं, कारण अख्ख्या पुस्तकात तो एकटाच सगळ्यांशी नीट बोलत होता. तरीही एका बैठकीत वाचून काढली, दूध उतू जाऊन पातेलं काळं झालं आणि मला वाससुद्धा आला नाही. नाकालाही हल्ली काही कळत नाही. चौथं जे पुस्तक, सगळीकडे बक्षिसं मिळालेलं, त्याच्या पहिल्या वाक्याला दीड पान लागतं. मी तीनदा आत शिरलो आणि तीनदा बाहेर आलो. शेवटी हात जोडून परत केलं.

पाचव्या पुस्तकाने मात्र मला जवळजवळ राग आणला, आणि त्याबद्दल मी त्याचा आभारी आहे. कथासंग्रह होता. एका कथेत बायको गेलेला म्हातारा आहे. सहा महिन्यांत तो पोळ्या लाटायला शिकतो, गॅलरीत झाडं लावतो, शेजारणीशी गप्पा मारतो, आणि शेवटी त्याला कळतं की जीवन सुंदर आहे. मला लेखकाला गाठून विचारायचं होतं की बाबा रे, तू कधी रिकाम्या घरात कुकर लावला आहेस का? तीन शिट्ट्या म्हणजे दोघांचा भात. एकट्याच्या भाताला किती, ते कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. मी अजून दोघांचाच लावतो आणि उरलेला संध्याकाळी खातो. चव कळत नाही, त्यामुळे शिळा की ताजा याने फरक पडत नाही. कागदावर मात्र लिहिलं, 'बरी आहेत.' बाई ते वाचून म्हणाल्या, आजकाल बाईंची मतं फार मवाळ झालीत, तब्येत खरंच बरी नाही का? दोघा सभासदांनी तक्रारही केली म्हणे, की तुमच्या मागच्या पानावर आता भरवसा राहिला नाही.

बघ, मेलेल्या माणसाचंही नाव खराब करता येतं. मी तेवढं करून दाखवलं.

मध्यंतरी दाढ काढायला गेलो होतो. डॉक्टरीण तुझ्याच वयाची. सुई दिली, थोड्या वेळाने गालावर टोचून विचारलं, बधिर झालं का काका? मी म्हणालो, आधीपासूनच आहे. ती हसली. मी विनोद केला नव्हता. तू मला आईच्या विधींच्या वेळी विचारलं होतंस, बाबा, तुम्ही रडत का नाही? नाही येत गं. मी सकाळी उठतो, पलंगाच्या माझ्याच बाजूला झोपलेलो असतो, चादर तिकडची सरळ असते, मी इकडची तेवढी झटकतो. दिवस जातो. दुखतंय असं म्हणावं तर दुखत नाही. कुणी टोचलं तर कळेल का, हेही सांगता येत नाही. तू रडत होतीस आणि मला तुझा हेवा वाटत होता, हे मी आज पहिल्यांदाच कबूल करतोय.

आता सहाव्याकडे येतो. त्याआधी तुला कावीळ आठवते का, माझी? तू पाचवी-सहावीत असशील. आईच्या लॅबमध्ये नियम होता की घरच्यांचं रक्त आपण तपासायचं नाही. ओळखीचं नाव दिसलं की डोळा त्याला हवं ते बघतो आणि नको ते सोडून देतो, असं तिच्या वरिष्ठांनी तिला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पण त्या आठवड्यात दुसरी बाई रजेवर होती. तेव्हा आईने माझ्या बाटलीवरचं नाव काढायला लावलं, नंबर टाकायला सांगितला आणि ती बाटली वीस बाटल्यांत मिसळून टाकायला लावली. सगळ्या तपासल्या, वीस रिपोर्टांवर सह्या केल्या आणि मगच विचारलं, यातला माझा नवरा कुठला? आणखी एक नियम होता. साधा रिपोर्ट एकदा पाहून सोडायचा. गंभीर काही दिसलं तर नमुन्याची तीच काच दुसऱ्या दिवशी परत सूक्ष्मदर्शकाखाली लावून पाहायची, आणि दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय 'पक्कं' असं लिहायचं नाही. तिची स्वतःची काच तिच्या हाताखालच्या मुलीने दोनदा पाहिली होती. आई रिपोर्ट घ्यायला थांबलीच नाही. त्या मुलीने दुसऱ्यांदा काच लावली एवढं पाहून घरी आली.

नऊ दिवसांपूर्वी शिक्केवाल्या बाईंचा फोन आला. शेवटच्या मागणीचं पुस्तक आलंय, एका सभासदाने तीन महिने दाबून ठेवलं होतं म्हणून उशीर झाला. मी गेलो. बाईंनी रजिस्टर उघडलं आणि त्यांची भुवई वर गेली. म्हणाल्या, गंमतच आहे, हे तर त्यांनी पूर्वी नेलेलं आहे. इतक्या वर्षांत त्यांनी एकही पुस्तक दुसऱ्यांदा मागितलं नाही, चुकून नंबर पडला असेल, त्याऐवजी नवीन काही देऊ का? आणि नव्या पुस्तकांच्या कपाटाकडे वळल्यासुद्धा. मी 'द्या' म्हणणार होतो, खरंच सांगतो. जिभेवर आलं होतं. पण तीस वर्षं बाटल्यांवर नंबर टाकणारी बाई नंबरात चुकत नाही, हे मला ठाऊक होतं. मी म्हणालो, तिला हेच हवंय.

लायब्ररीतली सगळी पुस्तकं त्याच राखाडी बांधणीत असतात, मुखपृष्ठ आत दडपलेलं, पाठीवर नुसता नंबर. घरी आलो, चहा टाकला, पुस्तक उघडलं. आत तुझं नाव होतं. लग्नानंतरचं नाव लावतेस म्हणून बाईंना काही कळलं नसणार.

मी उभाच होतो. खुर्ची मागे होती, तरी बसायचं सुचलं नाही. मग मागचं पान उघडलं. तारखांच्या कागदावर अकरा शिक्के आहेत. कवितांच्या पुस्तकाला अकरा म्हणजे खूप, असं नंतर बाईंनी मला फोनवर सांगितलं. पहिलाच शिक्का अडीच वर्षांपूर्वीचा, तुझं पार्सल आलं त्यानंतर महिन्याभरातला. त्याच्या शेजारी आईचं अक्षर. लिहिलंय ते जसंच्या तसं उतरवतो. 'निम्म्या कविता काढायला हव्या होत्या. पान ३१ : असंच झालं होतं.'

तिने तुझं पार्सल उघडलं नाही कारण त्यावर तुझं अक्षर होतं, नाव होतं, आणि आत बहुतेक 'प्रिय आईस' असं लिहिलेलं होतं. तिने ते स्वेटरमागे ठेवलं, लायब्ररीत गेली आणि नंबर टाकून तुझं पुस्तक वीस बाटल्यांत मिसळून मागवलं. मला अवाक्षर कळू दिलं नाही. तुलाही फोनवर कधी बोलली नाही, रक्तदाबावर बोलली. मग वर्ष-सव्वा वर्षाने, पोटात दुखायला लागलं त्या आठवड्यात जाऊन तीच काच दुसऱ्यांदा मागितली. तिच्या हातून ते दुसऱ्यांदा पाहायचं राहून गेलं. ती हट्टी होती, आणि या बाबतीत चुकली असं माझं मत आहे. रिपोर्ट लिहिला तर तो ज्याचा आहे त्याच्या हातात द्यायचा असतो, हे तिला कुणी सांगायला हवं होतं. मी सांगायला हवं होतं.

एकतिसावं पान मी वाचलं. तू चौदा वर्षांची, कवितांची वही घेऊन बेसिनपाशी उभी. आई लॅबमधून आलेली, कोपरापर्यंत हात धुते, पुसते, वही घेते, उभ्याउभ्या सगळी वाचते आणि प्रत्येक पानाखाली पेन्सिलीने बारीक खूण करते, काच पाहून झाल्यावर करायची तशी. वही परत देते आणि कुकर लावायला जाते. शेवटी तू लिहिलंयस की नळ गळत होता आणि तू थेंब मोजत उभी होतीस. एक दुरुस्ती सांगू? नळ गळत नव्हता. मी तो नुकताच घट्ट केला होता. मी बेसिनच्या खाली होतो, पाना हातात घेऊन, पाठीवर पडून. मला तुझे पाय दिसत होते. डाव्या पायाचा अंगठा तू फरशीवर घासत होतीस. आई कुकर लावायला गेली तरी ते पाय तिथून हलले नाहीत आणि मला कळत होतं की आता कुणीतरी काहीतरी बोलायला हवं. मी आणखी एकदा पाना फिरवला, उगाच. नळ आधीच घट्ट झाला होता. तू मला कवितेत घेतलं नाहीस, ही तुझी मेहेरबानी. मी तिथेच होतो.

बाकी कवितांबद्दल माझं प्रामाणिक मत विचारशील तर आईशी मी सहमत आहे. निम्म्या काढ. रस्त्यावरचा दिवा तीन कवितांत येतो, एकीत पुरे. 'अंधार' सोळा वेळा आहे, म्हणजे त्या दुसऱ्या कवीपेक्षा बरं. बुटांच्या लेसची कविता फार चांगली आहे, ती मी दोनदा वाचली आणि दुसऱ्यांदा जास्त आवडली. काही माझ्या डोक्यावरून गेल्या, त्यांना हात लावू नकोस, चूक माझी असू शकते. आणि दुसरा संग्रह परत मागवलास तो पुन्हा दे. तपासून, कापून, पण दे. तिने एकदा पाहिलं होतं. दुसऱ्यांदा पाहायला मागितलं होतं, म्हणजे तिला ते गंभीर वाटलं होतं, आणि तिच्या तोंडी यापेक्षा मोठा शब्द मी तरी कधी ऐकला नाही. तिच्या ओळीखाली मी पेन्सिलीने लिहिलं, या वेळी माझ्याच अक्षरात, 'दुसऱ्यांदा पाहिलं. पक्कं.' आणि सही केली. मग चहा घेतला. साखर दोनदा पडली होती. फार गोड झाला होता. हे मला कळलं, एवढंच सांगतो. रडू आलं असं लिहायला मला आवडलं असतं, पण आलं नाही.

आता हे सगळं का लिहिलं ते. पुस्तक परत करायची तारीख येत्या अठराला आहे. मुदत वाढवून मिळते, मी वाढवणार नाही, कारण सहाही मागण्या झाल्या आणि आता तो फोन वाजणार नाही. अठराला पुस्तक देताना मला बाईंना खरं सांगायचं आहे. तुला कदाचित खरं वाटणार नाही, पण 'ती गेली' हे दोन शब्द मी आजपर्यंत तोंडाने उच्चारलेले नाहीत. कुणाला सांगायची वेळच आली नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी मला सांगितलं, तुला फोन तिथेच असलेल्या जावईबापूंनी केला, शेजाऱ्यांना कळलेलंच होतं. सगळ्या जगात एकट्या शिक्केवाल्या बाईच उरल्या आहेत ज्यांच्यासाठी तुझी आई घरी पडून पुस्तकं वाचते आहे, आणि मी दर वेळी तिथे जायचो ते बहुतेक तेवढ्यासाठीच. मी आरशासमोर म्हणून पाहिलं. आवाज फुटत नाही. तेव्हा तू ये. सतराला संध्याकाळी पोहोचलीस तरी चालेल. त्या पार्सलची चिकटपट्टी काढू नकोस, तसंच घेऊन ये, लायब्ररीतून आल्यावर आपण दोघं उघडू. काउंटरपाशी माझ्या शेजारी उभी राहा, काही बोलू नकोस. बोलायचं काम या वेळी मी करीन.

बेसिनखालून बाहेर आलेला,
तुझाच बाबा